तेलातलं खारं पाणी

गिअरच्या तेलात पाणी शिरलं की तेल चहासारखं दिसतं, दूध जास्त पडलेल्या चहासारखं. त्यात विशेष काही नाही. आमच्या कोकतालमध्ये दर हंगामाला नावांच्या दहा-बारा मोटारी तरी माझ्या दुकानात अशा येतात. कोळी जाळं ओढतो, जाळ्याचा तुटका दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला जातो, हळूहळू मागे सरकतो आणि रबरी सील कापतो. मग जिथून तेल बाहेर येऊ नये तिथून पाणी आत जातं. पंधरा मिनिटांचं निदान, एका दिवसाचं काम. एकोणीस वर्षं मी हेच करतोय. बढाई नाही मारत, पण बल्खाश तळ्याच्या उत्तर काठावर नावेच्या मोटारीला माझ्यासारखा हात मिळायचा नाही. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकून कुणीतरी नक्की म्हणेल, याला कामच येत नव्हतं.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. मी जळका माणूस आहे, लहानपणापासून. आई म्हणायची, बेकेनच्या ताटात अख्खी मेंढी वाढली तरी याचे डोळे शेजारच्या ताटात. शेजारचं ताट म्हणजे माझा थोरला भाऊ, सागिंदिक दादा.

दादा तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तळ्यात गेला. उझिनारालच्या चिंचोळ्या पाणवाटेपलीकडे वादळात सापडला. नाव मिळाली, नावेला लटकलेली मोटार मिळाली, तो नाही मिळाला. वर्षाचं जेवण झालं. जेवणानंतर वडीलधाऱ्यांनी त्याच्या बायकोला, तोरगिनला, मध्ये बसवलं आणि विचारलं, माहेरी जातेस की याच उंबऱ्यात राहतेस? आमच्यात जुनी रीत आहे, विधवेने दिराचा हात धरायची. आता फारसं कुणी पाळत नाही, सक्ती तर नाहीच. तोरगिन गालिच्याकडे बघत म्हणाली, "इथेच राहीन." मी तेव्हा चौतिसाचा, बिनलग्नाचा. गावाला वाटायचं याला मुलगी मिळत नाही. मिळत होत्या हो. पण ती दादाची नवरी होऊन आली त्या दिवसापासून मला दुसरी दिसलीच नाही.

तर ती माझी झाली. असं आपलं म्हणायचं.

सासरच्या माणसांचं नाव आमच्याकडे सून घेत नाही. दिरांना ती स्वतःच नावं ठेवते, दोन्ही अर्थांनी, आणि तीच जन्मभर चालतात. मी तेव्हा सारखा तेलात हात बुडवून बसायचो म्हणून तिने मला पहिल्याच आठवड्यात 'कारागीर' करून टाकलं. लग्नानंतरही मी कारागीरच राहिलो. "कारागीर, जेवायला या." "कारागीर, धुराड्याचा पाइप हललाय." दादाला ती 'अहो' म्हणायची. दुकानाच्या पत्र्यातून मला ते 'अहो' दिवसातून वीसदा ऐकू यायचं. दोन अक्षरं, पण मी दोन वर्षं त्यांची वाट पाहिली.

दादाची मोटार मी विकून टाकणार होतो. चाळीस घोड्यांची, जुनी, पण दमदार. तोरगिन म्हणाली, "ती असू द्या." दुसरं तिने कधी काही मागितलं नव्हतं. मी ती सगळी खोलली, बेअरिंग बदलली, सगळी सीलं नवी घातली आणि माझ्या नावेला लावली. दोन हंगाम कसलीही कुरकुर न करता चालली.

यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे तेल बदलायला खालचा स्क्रू काढला. आधी पाणी आलं, पेलाभर. मग चहा.

मी एक शिवी हासडली आणि कामाला लागलो. पंखा काढला. दांड्याला दोरा नव्हता. सील कोरं होतं, वरून बोट फिरवलं तरी कुठे ओरखडा नाही. स्क्रूंचे वॉशर तपासले, ठीक होते. तरी बदलले. तेल बरणीत ओतून उन्हात ठेवलं. तासाभरात पाणी खाली बसलं, तेल वर आलं. मग मी लव्हाळ्याची नळी तळाला घातली, वरून बोट दाबलं, नळीभर पाणी उचललं आणि जिभेवर सोडलं.

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण आमचं तळं एक आणि पाणी दोन आहे. उझिनारालच्या अलीकडे पश्चिमेला गोडं, पलीकडे पूर्वेला खारं. आमच्या कोळ्यांना परवाना गोड्या बाजूचा. पलीकडे मासा जाड मिळतो म्हणून लेकाचे गुपचूप जातात आणि मला तोंडावर सांगतात, "छे छे, मी कुठला जातोय." खाऱ्या पाण्यात फिरलेली मोटार वेगळी धुवावी लागते, नाहीतर मीठ तिला वर्षात खाऊन टाकतं. म्हणून इथला प्रत्येक मेकॅनिक पाणी चाखतो. माणूस खोटं बोलतो, पाणी बोलत नाही.

ते पाणी खारट होतं. मागून जरा कडसर, अगदी पूर्व काठाचं. आणि माझी नाव दादा गेल्यापासून उझिनारालच्या जवळपासही फिरकली नव्हती.

त्या दुपारी तुलेगेन काका जाळ्याला लावायचे शिशाचे मणी मागायला आले. सत्तर वर्षांचे, दात चार, जीभ मात्र शाबूत. मी त्यांच्यापुढे नळी धरली.

"चाखा."

त्यांनी चाखलं, थुंकले. "पलीकडचं. कोणाची मोटार?"

"माझीच."

"तुझी?" काकांनी मोटारीकडे पाहिलं आणि ओळखली. "म्हणजे दादाची. अरे, बायको भावाची, मोटार भावाची. फुकटच्या घोड्याचे दात मोजू नयेत, बेकेन."

"मी पलीकडे गेलेलो नाही, काका."

"तू नसशील गेला," म्हातारा मणी मोजत म्हणाला. "नाव गेली असेल. घरात अजून एक माणूस आहे की."

म्हाताऱ्याने सहज म्हटलं आणि चार दात दाखवत निघून गेला. मी मात्र ते धरून बसलो.

पलीकडच्या काठावरून आठवड्यातून दोनदा मासे न्यायला ट्रक येतो. त्याचा ड्रायव्हर गालिम, उंच, गोरा, बोलायला गोड. तोरगिन त्याला मासे तोलून द्यायची. एकदा त्याने काहीतरी म्हटलं आणि ती हसली होती. माझ्यासमोर ती कधी तशी हसली नव्हती. झालं. माझ्या डोक्याने सगळी गोष्ट रचली. मी शहरात सामान आणायला जातो त्या दिवशी ही नाव काढते, पलीकडे जाते, गालिम काठावर वाट बघतो. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, उलट बरंच वाटलं. जिवंत माणसाचा संशय असला की निदान कोणाच्या नरड्याला हात घालायचा ते ठाऊक असतं.

मी पेट्रोलच्या टाकीवर पेन्सिलीने रेघ मारली. चालू करायच्या दोरीच्या मुठीवर घोड्याच्या शेपटीचा केस बांधला, तुटला तर कळावं म्हणून. नवं तेल भरलं. मग शहरात जातो म्हणून सांगितलं आणि टेकाडामागे गाडी लावून दिवसभर दुर्बीण घेऊन बसलो. तोरगिनने अंगण झाडलं, कुर्त, म्हणजे दह्याचे गोळे, वाळत घातले, दुपारी बसून जाळं विणलं. गालिमचा ट्रक आला, मासे भरले, गेला. तिने त्याच्याकडे वर मानसुद्धा केली नाही. नाव जागची हलली नाही. संध्याकाळी रेघ तिथेच, केस तिथेच.

स्क्रू काढला. पाणी आलं. खारं.

आता माझा धंद्याचा हेका जागा झाला. मोटार नावेवरून उतरवली, दुकानात लाकडी घोडीवर चढवली. हातपंपाने गिअरच्या डब्यात हवा भरली, काटा दहावर नेला. चहा पिऊन आलो, काटा दहावर. हवा उलटी खेचून पाहिली, तरी काटा ढिम्म. हवा भरूनच पाण्याच्या टबात बुडवून अर्धा तास डोळे फोडत बसलो, एक बुडबुडा नाही. डब्याला तडा असेल म्हणून रॉकेल लावून खडू फासला, तडा असता तर डाग उमटला असता. खडू पांढराशुभ्र. वरच्या दांड्याचं सील, गिअर बदलायच्या काडीचं सील, सगळी काढली, सगळी नवी घातली. जगात कुठल्याही मेकॅनिकने त्या मोटारीवर कोरडी म्हणून सही केली असती.

नवं तेल भरून मी तिला घोडीवरच ठेवली. तळ्यापासून दीडशे पावलं, छपराखाली, कोरड्या सिमेंटवर. पाण्याचा थेंब तिला लागणार नव्हता.

सकाळी चहाच्या आधी गेलो आणि स्क्रू सैल केला. बोटांवर गार पाणी आलं. मी पातेलं धरलं. त्या डब्यात तेल मावतं अर्धा लिटर, भरून वर सांडेल इतकं. मी मापून सांगतो, पाणी निघालं सव्वा लिटर. आणि पाण्यामागून माझं अर्धा लिटर तेल पुरंच्या पुरं.

मी पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच पिंपावर बसलो. नाकात शेवाळाचा, थंड दगडाचा वास येत होता. हे मी कोणाला सांगितलं असतं? तुलेगेन काका म्हणाले असते, वोडका कमी कर.

दुसऱ्या दिवशी सव्वा लिटर. तिसऱ्या दिवशी दीड. मी काही बोललो नाही, पण तोरगिनला कळलं असावं. कारण ती आता रोज दुकानात येऊ लागली. आधी महिनोन्‌महिने फिरकायची नाही, तेलाच्या वासाने डोकं दुखतं म्हणायची. आता हातात फडकं घेऊन यायची आणि मोटारीचा पत्रा पुसत बसायची. गालावर जरा रंग आला होता. बौर्साकचे पिठाचे गोळे तळताना गुणगुणायची. मी दोन वर्षं तिच्यासाठी काय नाही केलं. नवी चूल आणली, शहरातून रेशमी रुमाल आणला, तिच्या आईला दवाखान्यात नेलं. रंग आला तो गळक्या मोटारीने.

मग तो सोमवार. मी घरात खिडकीपाशी दाढी करत होतो. ऊन छान पडलं होतं, वारा नव्हता. अंगणापलीकडून, दुकानातून, तिचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का?"

वस्तरा गालावरच थांबला. मला दोन क्षण कळेना की मी खरंच ऐकलं का. काय सांगू, मला रडू आलं. छत्तीस वर्षांचा गडी, तोंडाला फेस, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "आलो, आलो," आणि तसाच फेसासकट अंगण ओलांडून धावलो.

ती मोटारीसमोर उकिडवी बसली होती, माझ्याकडे पाठ. शेजारी जमिनीवर चहाचं वाडगं, त्यातून वाफ येत होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली. दचकली नाही. फेसाकडे पाहून थोडी ओशाळली, एवढंच.

"तुम्हाला नाही, कारागीर," ती म्हणाली.

मी परत घरात आलो आणि उरलेली अर्धी दाढी पुरी केली. हनुवटीवर कापलं. गालिमवर जळणं सोपं होतं. गालिमचे दात पाडता आले असते. याचं काय पाडणार? हा म्हातारा होणार नाही, याचं पोट सुटणार नाही, हा कधी वसकन अंगावर येणार नाही. आणि आईच्या पोटातून पहिला निघाला तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत हाच पहिला.

दादाच्या नावाचीही एक गंमत आहे. सागिंदिक म्हणजे 'फार आठवण आली तुमची'. आजोबा लांबच्या खाणीवरून चार वर्षांनी परतले त्याच आठवड्यात झाला म्हणून ठेवलं. आणि आमची रीत अशी चिवट, की सुनेने नाव तर घ्यायचं नाहीच, नावासारखा शब्दही तोंडातून काढायचा नाही. म्हणजे या घरात आल्यापासून तोरगिनला 'आठवण येते' असं कधी म्हणताच आलेलं नाही. माहेरची आठवण आली तरी म्हणायची, "मन तिकडे धावतंय." दादाची लग्नाची बायको होती तेव्हा नाही, विधवा झाली तेव्हा नाही, आणि माझी झाल्यावर तर तो तिचा थोरला दीर, मग कुठलं आलंय. तिला त्याची आठवण येते का, हे तिच्या तोंडून कळायची सोयच नव्हती. मी आपला स्वतःची समजूत घालत आलो होतो, बोलत नाही म्हणजे नसेलच.

आता जे सांगायचं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

दादा शेवटचा गेला त्याच्या दोन दिवस आधी त्याने हीच मोटार माझ्याकडे आणली होती. तेल चहासारखं झालं होतं. मी पंखा काढला, दोरा निघाला, हातभर. सील कापलेलं होतं. तेवढ्यात तोरगिन त्याचं जेवण घेऊन दुकानात आली. त्याच्या कपाळावर काळा डाग होता, तो तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाला थुंकी लावून पुसला, लहान पोराचा पुसतात तसा. तो हसत होता. दोघं निघून गेली. मी दोरा फेकला, नवं तेल भरलं आणि संध्याकाळी त्याला म्हणालो, "झालं, ने."

नवं सील माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

त्याने मरावं असं माझ्या मनात नव्हतं. शपथेवर सांगतो. मला एवढंच हवं होतं की गिअर मध्येच अडावेत, कुणीतरी त्याला दोरीने ओढत आणावं, सगळा गाव काठावर हसावा आणि तिने ते बघावं. वादळ येईल हे काय मला माहीत होतं?

त्याच सोमवारी दुपारी तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि बसली. सहसा बसत नाही.

"तेव्हाही तेल असंच झालं होतं ना, कारागीर?"

"कधी?"

"तुमच्याकडे आणली होती त्यांनी. जायच्या आधी."

"मी तेल बदललं होतं," मी म्हणालो.

"आणि सील?"

मी वाडग्यातल्या चहावरची साय बोटाने बाजूला केली. अंगणात कोणाची तरी गाय मोटारीच्या टबातलं पाणी हुंगून फुरफुरली आणि न पिताच निघून गेली.

"मला उझिनारालला घेऊन चला," ती म्हणाली. "याच मोटारीने. एकदाच. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही, तुम्हालाही नाही आणि गावातही नाही."

"आणि नाही नेलं तर?"

"तर माहेरी जाईन. उद्याच्याच बसने."

"आणि नेलं तर परत येशील? माझ्या घरी?"

"येईन," ती म्हणाली. "शब्द देते."

शब्दाची ती पक्की. आणि मी काय, दादा मला धरायला आला असता तर एक वेळ चाललं असतं. पाण्यात ओढ, गळा दाब, भावाभावांतलं मिटवून टाकू. पण तीन आठवडे माझ्याच दुकानात, माझ्याच घोडीवर, आणि माझ्याकडे एकदा ढुंकून नाही. माझ्यासाठी आलाच नव्हता तो. हे मला सीलपेक्षा जास्त लागलं, हे खरं आहे.

बुधवारी सकाळी निघालो. थंडी होती, पण आकाश निरभ्र, तळं आरशासारखं. मी नवं तेल भरलं, नवे वॉशर घातले, स्क्रू स्वतः आवळले. तोरगिनने चहाचा थर्मास घेतला, पाव आणि सुका मासा घेतला, तिचा रुईभरला कोट घातला आणि पुढच्या फळीवर मधोमध बसली. दोघांना घेऊन ती नाव अर्ध्या गतीलाच नाक खाली घेते आणि पाण्यावर उठते, मग कशी सुळसुळत जाते. त्या दिवशीही उठली. तीन तास लागले. मी तिची पाठ बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एकदाच, मग संपलं.

उझिनारालला दोन्ही काठ जवळ येतात. लव्हाळं पिवळं पडलं होतं. मातकट पाणी संपून निळसर हिरवं लागलं.

"थोडं पुढे," तिने हात केला.

खाऱ्या बाजूला आम्ही दोनशे-तीनशे मीटर गेलो. तिने हात खाली केला. मी मोटार बंद केली.

एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पक्षी नाही, लाट नाही.

मला वाटलं ती रडेल. तिने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. ऑक्टोबरातलं पाणी, हाडं फोडणारं. तिने हात तसाच ठेवला.

मग ती बोलली. मोठ्याने नाही. समोर बसलेल्याशी बोलतात तसं.

"सागिंदिक," ती म्हणाली.

नाव घेतलं की ते दुसरं म्हटलं, मला विचारू नका. आमच्या भाषेत ते एकच आहे.

नाव किंचित हलली. काही नसताना.

मी मुद्दाम तिच्याकडे पाठ केली. हाताला काम दिलं की माणूस ताळ्यावर राहतो. मोटार वर उचलून घेतली, स्क्रू-ड्रायव्हर लावला, खालचा स्क्रू अर्धा आटा सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, असेल तर तेच आधी येणार.

बोटावर थेंब आला. सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसेल असा.

मी दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. तेल आणि फक्त तेल. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मी स्क्रू आवळला. एवढा आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. गेला, मी म्हणालो मनात. जिथला होता तिथे गेला. आता घर माझं, मोटार माझी, आणि ही माझी.

"चला," मागून तोरगिन म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता. "घरी जाऊ."

मी मोटार खाली सोडली, दोरी ओढली. पहिल्या झटक्याला चालू झाली. नाव वळवली आणि मूठ अर्ध्यावर पिळली.

नाव उठली नाही.

मी मूठ पाऊण पिळली, मग पुरती. मोटार छान गात होती, आवाजात काही खोट नाही, पंखा पाणी धरत होता. पण नाक वरच राहिलं. नाव पाण्यात बसलेली, लाट अंगावर ओढत, शेतातल्या नांगरासारखी चालली होती. मी एकोणीस वर्षं नावा बघतोय. वजन किती आहे ते मला मुठीत कळतं. पेट्रोल तर येतानापेक्षा कमीच होतं.

तोरगिन फळीवर मधोमध बसलेली नव्हती. ती उजवीकडे सरकून कडेला बसली होती.

तिने अंगातला कोट काढला. एवढ्या थंडीत. आणि डाव्या बाजूला, रिकाम्या फळीवर, दोन्ही हातांनी नीट पांघरला.

"कारागीर," ती मागे न बघता म्हणाली, "जरा हळू घ्या. वारा झोंबतो."

मी वेग कमी केला.

नाव डावीकडे कलली होती, पाणी काठाला चाटत होतं. असं कललेलं वजन घेऊन तीन तास जाता येत नाही, हे आमच्याकडे कुणालाही कळतं. म्हणून मी उठलो, आणि नाव सरळ राहावी म्हणून उजव्या कडेला सरकून बसलो.